मदत हवी आहे: पुढचे डिस्क ब्रेक सुटत नाहीत (तातडीचं)

खडखडाट: पुढचे दोन्ही ब्रेक धरून बसतात. चार-पाच मैल गेलं की पेडल कडक, चाकाला हात लावायची सोय नाही. गार झालं की आपोआप सुटतं. सगळे रबर नवीन, ब्रेकच्या तेलातली हवा काढून झाली. रविवारी गाडी न्यायची आहे, लवकर सांगा.

गॅरेजभाऊ: कॅलिपरचा, म्हणजे चकतीला चिमट्यासारखं धरणाऱ्या भागाचा, पिस्टन जाम. काढा, पॉलिश पेपर मारा. आणि गाडी कुठली ते कोण सांगणार?

खडखडाट: कॅलिपर नाहीतच हो, ऑस्को-लॅम्बर्ट आहेत. १९५० च्या क्राउन इम्पीरियलचे. गाडी १९३२ ची फोर्ड रोडस्टर, हॉट रॉड (वेगासाठी बदल केलेली जुनी गाडी).

जुनी_मोटार: हे आधी सांगायचं ना! क्रायस्लरने १९४९ पासून दिलेले हे ब्रेक. बाकीच्यांसाठी: यात चकतीला चिमटा नसतो. चाकाबरोबर बिडाचं घर फिरतं, आत लायनर लावलेल्या दोन तबकड्या फाकून त्याच्या भिंतींना घासतात. तबकड्यांमध्ये चढावर पोलादी गोळ्या असतात. तबकडी जरा फिरली की गोळ्या चढतात आणि पकड आपसूक वाढते. चढांवर गंज असला तर गोळी खाली येत नाही. उघडून बघितलंत का?

खडखडाट: बघितलं. आरशासारखे आहेत.

विंटेजप्रेमी: पहिले डिस्क क्रॉस्लीचे ना, त्या छोट्या अमेरिकन गाडीचे?

जुनी_मोटार: तेही १९४९ चेच, गुडइयर-हॉली. ते खरे चिमटेवाले. ॲल्युमिनियमचे कॅलिपर रस्त्यावरच्या मिठाने जाम व्हायचे.

नियमपंडित: असे बदल केलेत तर आरटीओत विंटेज नोंदणी मिळणार नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात लागते.

खडखडाट: अहो, मी मिशिगनमध्ये आहे.

सरळमार्गी: भंगार काढा, सत्तरच्या दशकातल्या शेव्हीचे (शेव्हरोलेचे) डिस्क लावा. कुठल्याही दुकानात पॅड मिळतात. इम्पीरियलसारख्या धुडाचे ब्रेक हलक्या रोडस्टरला लावलेत तर पेडलला पाय टेकला की पुढची चाकं लॉक होतील.

जुनी_मोटार: शेव्हीचे तर प्रत्येक गल्लीत आहेत. हे मिळतात कुठे? काढून टाकायला सांगणं सोपं आहे.

सरळमार्गी: मिरवायला ठेवा मग. रस्त्यावर नको.

गॅरेजभाऊ: भांडण नंतर. पेडलने तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर कुठला?

खडखडाट: १९३९ च्या फोर्डचा. मूळ गाडीला रॉडचे ब्रेक होते, तेलाचे नव्हते, म्हणून तो लागणारच. हे सांगायचं होतं का?

गॅरेजभाऊ: तेच तर सांगायचं होतं! तो ड्रम ब्रेकचा. त्याच्या तोंडाशी चेक व्हॉल्व्ह असतो, तो लाइनमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवतो. ड्रमच्या शूला मागे ओढणारी स्प्रिंग ते सोसते; तुमच्या तबकड्या फाकलेल्याच राहतात, वर गोळ्या पकड वाढवतात. पेडलला फ्री प्ले, म्हणजे सुरुवातीची मोकळी हालचाल, आहे ना? नसेल तर तेल टाकीत परत जायची वाटच बंद. चाक धरलेलं असताना ब्लीडिंग निप्पल (चाकाजवळचा तेल-हवा काढायचा स्क्रू) उघडा. सुटलं तर प्रेशर अडकलंय, नाही सुटलं तर गोळ्या. सुटलं तर पुढच्या वेळी निप्पलऐवजी मास्टरजवळचा नट सैल करून बघा. त्याने नाही सुटलं तर होज (चाकाकडे जाणारी रबरी नळी) आतून फुगलाय.

खडखडाट: आत्ताच गरम करून आणली. निप्पल उघडल्यावर तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक लगेच फिरलं. फ्री प्ले अर्धा इंच आहे. नटाचं बघतो. पण मास्टर फ्लोअरखाली आहे, व्हॉल्व्ह काढला तर चाकांकडचं तेल त्यात परत उतरेल ना?

जुनी_मोटार: म्हणून डिस्कला २ पीएसआयचं (दाबाचं एकक) प्रेशर धरणारा वेगळा व्हॉल्व्ह लावतात. ड्रमला १० चा.

सरळमार्गी: आणि मागे काय आहे, ते अजून कोणी विचारलेलं नाही.

खडखडाट: मागे फोर्डचेच ड्रम.

गॅरेजभाऊ: मग मागच्या लाइनला १० चा लागेल, पुढच्या लाइनला २ चा. मास्टरला तोंड एकच आहे ना? टी (लाइन दोन भागांत फोडणारा जोड) कुठे मारलाय?