अर्ध-अध्यक्षीय पद्धतीत राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधानाचं वाजलं तर कोणाचं चालतं?

नवीपेठ_अभ्यासू: शास्त्री रोडच्या अभ्यासिकेत बसून नोट्स काढतोय. राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडलेला, पंतप्रधान आणि मंत्रिमंडळ संसदेला जबाबदार, एवढी व्याख्या पाठ आहे. पण फ्रान्समध्ये हे चालतं आणि नवीन लोकशाही देशांत सारखं अडकतं, ते का? सकाळपासून डोकं फिरलंय.

कोथरूडकर: दादा, व्याख्या सोड, आधी बघ की पंतप्रधानाला घरी कोण पाठवू शकतो. फक्त संसद, की राष्ट्राध्यक्षपण? दोघंही पाठवू शकत असतील तर पंतप्रधान कायम कात्रीत. आणि फ्रान्सला सवय व्हायला वेळ मिळाला, राज्यघटना 1958 ची आणि राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा, पंतप्रधान विरोधी पक्षाचा असं पहिल्यांदा झालं थेट 1986 ला. श्रीलंकेत 2018 ला राष्ट्राध्यक्ष सिरिसेनांनी पंतप्रधान विक्रमसिंघेंना काढून राजपक्षेंना बसवलं, मग संसदही बरखास्त केली, संसदेत मिरचीपूड उधळली गेली, पण सुप्रीम कोर्टाने संसद बरखास्तीच बेकायदा ठरवली आणि विक्रमसिंघे परत आले.

पर्वती_७: श्रीलंका नवीन लोकशाही नाही हो, तिथे 1931 पासून सार्वत्रिक मतदान आहे. खरं उदाहरण ट्युनिशिया. 2014 ची राज्यघटना किती कष्टाने झाली होती! त्यात घटनात्मक न्यायालय लिहिलं होतं, 12 न्यायाधीश, त्यातले 4 संसदेने दोन तृतीयांश मतांनी निवडायचे, आणि पक्षांचं एकमत होईना म्हणून इतक्या वर्षांत एकच निवडून आला, कोर्ट उभंच राहिलं नाही. जानेवारी 2021 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या मंत्र्यांना राष्ट्राध्यक्ष सईद शपथच देईनात. दाद मागायची कुठे? जुलैमध्ये त्यांनी पंतप्रधानाला काढलं, संसद गोठवली, आणि असे आणीबाणीचे उपाय 30 दिवसांनी तपासायचा अधिकार याच न झालेल्या कोर्टाकडे होता. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

नवीपेठ_अभ्यासू: म्हणजे भांडण होणारच, ते सोडवणारा आधी नेमलेला पाहिजे. पान नव्याने लिहितो. पंतप्रधानाला काढतो कोण, संसद बरखास्त करतो कोण, तंटा सोडवतो कोण, असे तीन रकाने.

कोथरूडकर: शपथेचा चौथा रकाना कर. आग्नेय आशियातल्या तिमोर-लेस्ते देशात 2018 ला राष्ट्राध्यक्षांनी काही मंत्र्यांना शपथ द्यायला नकारच दिला होता.