शब्दचर्चा: 'यंत्र-ते-यंत्र संवाद' बरोबर आहे का?

मजकूर_विभाग
अक्कलकोट रोड एमआयडीसीत कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका कारखान्याचं माहितीपत्रक मराठीत करायचं आहे. वाचणार यंत्रमागाचे मालक, साखर कारखान्यातले इलेक्ट्रिशियन आणि डाळिंबाचे बागायतदार. इंग्रजीवरून तयार झालेलं पहिलं वाक्य असं आहे: "विविध उद्योगांमध्ये वायरलेस यंत्र-ते-यंत्र संवादाची बाजारपेठ वाढत आहे." 'यंत्र-ते-यंत्र संवाद' म्हणजे इंग्रजीतलं 'मशीन-टू-मशीन कम्युनिकेशन', यंत्रांनी आपसांत माहिती आणि हुकूम पाठवणं. व्याकरणात चूक नाही, पण असं कुणी बोलत नाही. 'वायरलेस', 'यंत्र-ते-यंत्र', 'संवाद', 'बाजारपेठ' या चारही शब्दांवर मत हवं आहे.

भाषा_सोलापूर
ताई, सगळ्यात आधी तो 'ते' काढा. मराठीत 'ते' पल्ला सांगतो: मुंबई ते सोलापूर, सकाळी नऊ ते सहा. दोघांमध्ये काय चाललंय ते तो सांगत नाही. दोन भावांचं भांडण 'भाऊ-ते-भाऊ भांडण' होत नाही, भावाभावांतलं भांडण होतं. त्याच चालीवर 'यंत्रायंत्रांतला' हा शब्द सहज होतो.

'बाजारपेठ' म्हटलं की सोलापूरकराला भवानी पेठ, मंगळवार पेठ दिसते. पेठ ही जागा आहे. वाढते ती मागणी, वाढतो तो खप. डबा (म्हणजे माहिती पाठवणारं उपकरण) विकत असाल तर 'खप' लिहा, दरमहा सेवेचे पैसे घेत असाल तर 'उलाढाल' किंवा 'व्यवसाय' लिहा. माहितीपत्रकाला 'मागणी' पुरेसा आहे.

मजकूर_विभाग
सर, एक शंका. 'गावागावांत' म्हणजे प्रत्येक गावात. मग 'यंत्रायंत्रांत' वाचून 'प्रत्येक यंत्रात' असा अर्थ नाही का निघणार?

भाषा_सोलापूर
नुसतं 'यंत्रायंत्रांत' लिहिलं तर निघेल, शंका रास्त आहे. पुढे देवाणघेवाणीचं नाम आलं की अर्थ पक्का होतो: भावाभावांतली वाटणी, यंत्रायंत्रांतली देवाणघेवाण. म्हणून 'तला-तली' सोडू नका आणि पुढचं नाम गाळू नका. मथळ्यात तोकडं हवं असेल तर 'यंत्रांची आपसांतली बोली' म्हणा.

'वायरलेस'ला 'बिनतारी' आहेच. बिनव्याजी, बिनपगारी, बिनविरोध यांच्या रांगेतला शब्द आहे, परका वाटत नाही. अडचण एकच: पोलिसांच्या बिनतारी संदेश यंत्रणेमुळे बऱ्याच जणांच्या मनात तो शब्द वॉकीटॉकीशी जोडला गेला आहे. आणि तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाल्यापासून नव्या पिढीला 'तार' म्हणजे फक्त वायर. आपल्या कामाला तो अर्थ उलट बराच.

पॅनेलवाले
बराच नाही सर, तिथेच गिऱ्हाईक फसतं. 'बिनतारी' वाचून मालक विचारतो, "म्हणजे वायर अजिबात नाही ना?" असते की. पॅनेलला वीज लागते, तिची वायर. मीटरपासून मोडेमपर्यंत (टॉवरशी बोलणारा भाग) आरएस-४८५ची, म्हणजे तारेवरून माहिती नेण्याच्या ठरलेल्या पद्धतीची, दोन तारांची जोडी. मोडेमपासून अँटेनापर्यंत केबल. बिनतारी असतो तो फक्त अँटेनापासून टॉवरपर्यंतचा टप्पा. पत्रकात 'बिनतारी' शब्दाशेजारी कुठून कुठपर्यंत ते छापा.

या तारांच्या टप्प्यातच निम्मी दुखणी असतात. ४८५ची जोडी पीळ दिलेलीच हवी, मोटरच्या पॉवर केबलसोबत एकाच ट्रेमधून नेऊ नये, आणि लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओमचा रेझिस्टर हवा. मधल्या मीटरांना तो लावायचा नाही. जोडीतल्या ए आणि बी तारा उलट्या लागल्या तर काही जळत नाही, मीटर फक्त गप्प राहतो.

आता मुख्य मुद्दा, 'संवाद'. माझ्या मते पत्रकातला सगळ्यात चुकीचा शब्द हाच. आमच्या धंद्यात यंत्रं एकमेकांशी चार निरनिराळी कामं करतात आणि चौघांना मराठीत जुने, पक्के शब्द आहेत. मीटरमधला आकडा उचलून पाठवला, ते वाचन. काही नवीन नसलं तरी ठरावीक वेळानं "मी आहे" एवढंच कळवलं, ती हजेरी. दुरून मोटर चालू कर म्हटलं, तो हुकूम. हुकूम मिळाला असं उलट कळवलं, ती पोच. गिऱ्हाईक 'संवाद' वाचून चारही मिळणार असं धरतं. पॅनेल मात्र फक्त वाचनाचं असतं, आणि भांडण बिलाच्या वेळी होतं.

डाळिंबबाग
अण्णा, 'हजेरी' फार चपखल. मस्टरवरचा शब्द आहे, मागावरच्या कामगारालाही फोड करून सांगावी लागत नाही. हजेरी चुकली म्हणजे काय झालं असेल ते मात्र लिहा. वीज गेली, सिमचा रिचार्ज संपला, टॉवर बंद पडला, डबा बिघडला: चारही वेळा स्क्रीनवर 'ऑफलाइन' एवढंच येतं आणि माणूस उगाच डबा बदलायला निघतो.

तुमच्या यादीत पाचवा शब्द घाला. मोबाइल स्टार्टर (फोनवरून मोटर चालू करणारा डबा) घ्या. शेतकरी मिस्ड कॉल देतो, स्टार्टर "मोटर चालू" असा मेसेज पाठवतो. पण स्वस्त डब्यात तो मेसेज फक्त रिले (डब्यातला छोटा स्विच) ओढला म्हणून जातो. कॉन्टॅक्टर (मोटरला वीज देणारा मोठा स्विच) चिकटला नाही, एक फेज नाही, विहिरीत पाणी नाही, तरी मेसेज 'चालू'च. ही हुकमाची पोच झाली, काम झाल्याची खात्री नव्हे. त्या खात्रीसाठी मोटरच्या तारेवर सीटी (करंट मोजणारं कडं) बसवून करंट वाचावा लागतो. मोटर नेहमी १० अँपिअर घेत असेल आणि ५-६च दिसत असेल तर पंप कोरडा फिरतोय. शून्य असेल तर कॉन्टॅक्टर बसलाच नाही. या दुसऱ्या कळवण्याला शब्द सुचवा.

भाषा_सोलापूर
तामिली. समन्स हातात पडलं ही पोच, हुकमाची तामिली झाली म्हणजे तो अमलात आला. कोर्टकचेरीमुळे हा शब्द खेड्यापाड्यात माहीत आहे. 'पोच' आणि 'तामिली' असे दोन शब्द शेजारी ठेवले की कुठला डबा काय देतो ते वाचणाराच विचारेल.

पॅनेलवाले
घेतला. साखर कारखान्यात तर हा फरक जिवाचा आहे. व्हॉल्व्हला 'उघड' म्हटलं आणि उघडल्याचा लिमिट स्विच (व्हॉल्व्ह टोकाला पोचला ते सांगणारा) वाचलाच नाही, तर पोचेवर विसंबून पुढचा पंप सुरू होतो.

'वाचन' या शब्दाबद्दलही सावध राहा. आकडा आला म्हणजे वाचन झालं असं नाही. एनर्जी मीटरमधलं व्होल्टेज बहुतेक वेळा दोन रजिस्टरांत (मीटरमधल्या आकड्यांच्या कप्प्यांत) मिळून असतं. २३० हा आकडा संगणकाच्या हेक्साडेसिमल लिपीत ४३६६ आणि ०००० अशा दोन तुकड्यांत येतो. मोडेममध्ये तुकड्यांचा क्रम उलटा लावला की तोच आकडा इतका सूक्ष्म होतो की स्क्रीनवर ०.०० दिसतो. मग सगळे म्हणतात, "मीटर मुका आहे." मीटर बोलतोय, ऐकणारा उलटं ऐकतोय. तपासायची रीत सोपी: मीटरच्या डिस्प्लेवरचा आकडा आणि स्क्रीनवरचा आकडा शेजारी धरायचे. शून्य किंवा अचाट मोठी संख्या आली तर क्रम बदलून बघायचा. एकाच रजिस्टरात मावणारा आकडा बरा पण भलत्याच गोष्टीचा आला, व्होल्टच्या जागी अँपिअर, तर रजिस्टरचा पत्ता एकानं चुकलाय, कारण काही कंपन्या मोजणी ० पासून करतात, काही १ पासून.

मजकूर_विभाग
'रेंज'चं काय करू? मूळ मजकुरात तीन ठिकाणी आलाय आणि तिन्ही ठिकाणी वेगळा वाटतोय.

डाळिंबबाग
वेगळाच आहे, ताई. आपल्याकडे 'रेंज नाही' म्हणजे मोबाइलचा सिग्नल नाही. हा अर्थ इतका रुळलाय की तो तसाच ठेवा. लोरा रेडिओच्या (कमी विजेत लांब पोचणाऱ्या रेडिओच्या) कागदात 'रेंज' म्हणजे किती लांब पोचतो, त्याला 'पल्ला' लिहा. आणि दाबाच्या सेन्सरची 'रेंज ० ते १० बार' म्हणजे तो कुठपासून कुठपर्यंत मोजतो, त्याला 'माप' लिहा.

या तिसऱ्याची चूक ठिबकच्या फिल्टरवर दिसते. सेन्सर ४ ते २० मिलिअँपिअर करंट देतो. ४ म्हणजे शून्य बार, २० म्हणजे १० बार, १२ म्हणजे बरोबर मधले ५. डब्यात माप चुकून ० ते १६ भरलं असेल तर तोच १२ मिलिअँपिअर ८ बार म्हणून वाचला जातो आणि पंप नाहक बंद पडतो. शून्य बारला ४ मिलिअँपिअर का, तर वायर तुटली की करंट खरोखर शून्य होतो. म्हणजे 'दाब नाही' आणि 'वायर नाही' या दोन गोष्टी वेगळ्या कळतात.

पल्ल्याबद्दल: लोरा आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो, त्या पट्ट्याला शक्तीची मर्यादा पाळून परवाना लागत नाही. पल्ला वाढवायचा तर संदेश सावकाश बोलावा लागतो. दहा बाइटचा संदेश सगळ्यात वेगवान पायरीवर साधारण ६० मिलिसेकंदांत संपतो, सगळ्यात संथ पायरीवर जवळजवळ दीड सेकंद घेतो. बॅटरी तितकाच वेळ जळते. म्हणून 'पल्ला अमुक किलोमीटर, बॅटरी अमुक वर्षं' अशी दोन मोठी वचनं एका ओळीत छापू नका, ती एकाच वेळी खरी नसतात. डाळिंब झुडूपवजा असलं तरी ओल्या पानांतून लहरी क्षीण होतात. डाळिंबावरच्या तेल्या रोगाच्या अंदाजासाठी पान किती वेळ ओलं राहिलं ते मोजणारा सेन्सर झाडाच्या घेरातच बसवावा लागतो, अँटेना मात्र काठीवर झाडाच्या वर काढायची.

पॅनेलवाले
दादांच्या पल्ल्याला 'पोच' जोडा. लोरात प्रत्येक संदेशाला पोच मागू नये. गेटवे (सेन्सरांचे संदेश गोळा करणारा डबा) स्वतः बोलत असताना ऐकत नाही. शंभर सेन्सरांना प्रत्येक वेळी पोच देत बसला तर तेवढ्या वेळात आलेले बाकीचे संदेश वाया जातात. पोच मिळाली नाही म्हणून सेन्सर पुन्हा पाठवतात आणि गर्दी आणखी वाढते. वाचनाला पोच नको, पुढचं वाचन येणारच आहे. हुकूम आणि धोक्याची सूचना, एवढ्यांनाच मागावी.

मोबाइलच्या 'रेंज'ला आकडा द्या. मोडेमला सीएसक्यूची (सिग्नलची ताकद विचारणारी) आज्ञा दिली की ० ते ३१ मधला अंक येतो. दुप्पट करून ११३ वजा केले की डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं एकक) मिळतात: १० आला तर उणे ९३. त्याखाली गेलं की वाचनं तुटक येतात. ९९ आला म्हणजे सिग्नल मोजताच आला नाही. अँटेना पत्र्याच्या पॅनेलच्या आत ठेवली तर हा अंक पडतो, ती बाहेर काढा, पण बारीक केबल लांब नेऊ नका. त्या केबलीत दर मीटरला साधारण १ डेसिबल जातो.

आणि टूजी मोडेम टॉवरला हाक मारताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतो. १ अँपिअरचा अडॅप्टर लावला की मोडेम नेमका त्या क्षणी बंद पडतो, पुन्हा उठतो, पुन्हा बंद पडतो. दोष मात्र 'रेंज'ला दिला जातो.

मजकूर_विभाग
'एम-टू-एम सिम' (मशीन-टू-मशीन, म्हणजे यंत्रात घालायचं सिम) हा शब्द तसाच ठेवू का?

पॅनेलवाले
तसाच. दुकानात तोच चालतो. फक्त दोन गोष्टी लिहा. जुलै २०१८ पासून या सिमना १३ अंकी नंबर देण्याची पद्धत आली, तेव्हा नोंदणीच्या फॉर्ममध्ये दहाच चौकोन ठेवू नका. आणि या सिमवरून कॉल व मेसेज आधी ठरवून दिलेल्या नंबरांपुरतेच चालतात. मालकानं मोबाइल नंबर बदलला की मिस्ड कॉलवर मोटर चालू होणं थांबतं, डबा धडधाकट असूनही.

भाषा_सोलापूर
शेवटी 'विविध उद्योगांमध्ये'. हे सरकारी परिपत्रकातलं वाटतं. मराठीत आवाका दाखवायला दोन टोकं पुरतात: टॉवेलच्या मागापासून उसाच्या काट्यापर्यंत.

डाळिंबबाग
किराणा दुकानातला पैसे आल्याचं बोलून सांगणारा स्पीकरही घाला. त्यातही सिम असतं, बँकेकडची खबर त्याच वाटेनं येते. सौर कृषिपंपाच्या कंट्रोलरमधून वाचनं जातात तीही त्याच वाटेनं. वाचणाऱ्याला तो स्पीकर दाखवला की अर्धं पत्रक समजलं.

मजकूर_विभाग
मग पहिला परिच्छेद असा करते:

"टॉवेलच्या मागापासून उसाच्या काट्यापर्यंत आणि किराणा दुकानातल्या स्पीकरपासून सौरपंपापर्यंत यंत्रायंत्रांतल्या बिनतारी देवाणघेवाणीला मागणी वाढते आहे. आमचं पॅनेल मीटरचं वाचन दर १५ मिनिटांनी पाठवतं, मधल्या वेळात दर ५ मिनिटांनी हजेरी देतं, मोबाइलवरून आलेला हुकूम घेतं आणि त्याची पोच देतं. तामिली हवी असल्यास सीटी वेगळी घ्यावी लागेल. अँटेना ते टॉवर हा टप्पा बिनतारी आहे. मीटर ते पॅनेल तार टाकावी लागते."

भाषा_सोलापूर
शेवटच्या दोन वाक्यांतले दोन्ही 'ते' आपापल्या जागी आहेत. छापा.

पॅनेलवाले
ताई, 'सीटी वेगळी घ्यावी लागेल' याच्या पुढे फेजची संख्या टाका. एकाच फेजवर सीटी बसवली आणि दुसरी फेज गेली तर करंट दिसत राहतो आणि खोटी तामिली जाते. तीन फेजच्या मोटरला प्रत्येक फेजला एक, अशा तीन सीटी लिहा.