मदत हवी आहे: घरातलं लग्न, ताण आणि दादाला येणारे आवाज

नमस्कार मंडळी,

माझ्या मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षात सुरू झाला, आता तो चाळिशीला आलाय. ओलान्झापिन चालू आहे आणि गोळी चुकत नाही, आई समोर उभी राहून देते. संशय जवळजवळ गेलाय, आवाज मात्र पूर्ण थांबलेले नाहीत. एरवी ते शेजारच्या घरात रेडिओ लागल्यासारखे असतात, असं तोच सांगतो. ताण आला की तेच आवाज त्याच्याबद्दल बोलायला लागतात. "आता उठला, आता पाणी प्यायला, कामाचा नाही" असं चालू होतं, कधी शिव्याही.

पुढच्या महिन्यात चुलतबहिणीचं लग्न आहे आणि पाहुण्यांची उतरायची सोय आमच्याकडे. साखरपुड्याला काय झालं ते डोळ्यासमोर आहे. त्याची खोली सामानाला दिली, तो हॉलमध्ये झोपला, म्हणजे झोपलाच नाही. दुसऱ्या दिवशी पंगतीत त्याचा हात भातात तसाच राहिला होता आणि ओठ हलत होते. काका सहज म्हणाले, "अरे, लक्ष कुठंय तुझं?" तो ताटावरून उठला आणि गच्चीवर गेला, संध्याकाळपर्यंत खाली आला नाही. त्यानंतर बरेच दिवस जेवण खोलीतच. काकांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण झोप नाही, खोली नाही, त्यात सगळ्यांसमोर नाव घेऊन विचारलेलं, एवढं त्याला पुरलं.

डॉक्टर म्हणाले, आजार फक्त ताणामुळे होत नाही. मुळात एक नाजूकपणा असतो, प्रत्येकाचा कमीजास्त, आणि ताण त्याच्या पलीकडे गेला की लक्षणं उसळतात. झुबिन आणि स्प्रिंग या दोघांनी 1977 मध्ये हे मांडलं होतं म्हणे. मग मी थोडं वाचलं. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टच्या संशोधकांनी लोकांना दिवसभर मधूनमधून वाजणारं घड्याळ दिलं. ते वाजलं की त्या क्षणी काय चाललंय, मनात काय आहे ते लिहायचं. त्यातून दिसलं की रोजच्या बारीकसारीक कटकटींनीही या आजाराच्या लोकांची मनःस्थिती इतरांपेक्षा जास्त ढवळून निघते, आणि भास-संशयही त्याबरोबर वाढतात. आपण मात्र मृत्यू, नोकरी जाणं असल्या मोठ्या घटनांनाच ताण म्हणतो आणि वर विचारतो, "एवढं काय झालं त्यात?"

दुसरं वाचलं ते घराबद्दल. लंडनमध्ये ब्राउन यांनी आणि पुढे वॉन व लेफ यांनी दाखवलं की ज्या घरात सतत टीका, राग किंवा अति काळजी असते तिथे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त असतं. चंडीगढमध्ये तसाच अभ्यास झाला तेव्हा अशी घरं लंडनपेक्षा कमी निघाली, हे वाचून बरं वाटलं. पण ती "अति काळजी" डोक्यातून जात नाही. आई त्याला तासातासाला विचारते, "आवाज येतायत का रे? काय म्हणतायत?" तिच्या जिवाची घालमेल मला कळते. तिला दुखावल्याशिवाय हे कसं सांगू?

दादाचे स्वतःचे उपाय आहेत. हेडफोन लावून नाट्यसंगीत ऐकतो. त्याहून जास्त उपयोग स्वतः गुणगुणल्याचा होतो, तेवढ्यापुरते आवाज मागे जातात असं तो सांगतो. गच्चीवर फेऱ्या मारतो. ताण वाढला की सिगरेटीही वाढतात. आणि खोलीत जाऊन दार लावून घेतो. हे दार लावणं त्याचा उपाय समजायचा की आजार वाढल्याची खूण? मला हे खरंच ओळखता येत नाही.

लग्नाला न्यायचं की नाही, यावर घरात दोन तट आहेत. बाबा म्हणतात, लोकांत मिसळला तर सुधारेल. आई म्हणते, मावशीकडे ठेवू. दादाला विचारलं तर म्हणाला, "अक्षतांना येतो. वरातीला नको." ज्यांच्या घरी शुभार्थी, म्हणजे असा आजार असलेलं माणूस, आहेत त्यांनी अशा प्रसंगी काय केलं, कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद

ताई, मी शुभंकर आहे, म्हणजे असा आजार असलेल्या मुलाला सांभाळणारा बाप. तुमच्या दादाने उत्तर दिलेलं आहे, तेच धरा. अक्षतांना यायचं, वरातीला नाही. मावशीकडे पाठवलंत तर "मला लपवलं" हा नवा ताण होईल. त्याची खोली काही झालं तरी कुणाला देऊ नका, सामान शेजाऱ्यांकडे ठेवा. कार्यालयातही एक शांत खोली आधीच बघून त्याला दाखवून ठेवा. कंटाळा आला की कुणाला न विचारता तिथे जायची मुभा. झोप आणि गोळीची वेळ मात्र हळदीच्या रात्रीसुद्धा हलू द्यायची नाही.

दार लावण्याबद्दल आमचा अनुभव असा, की आत जाऊन थोड्या वेळाने मोकळा होऊन बाहेर येत असेल तर ती विश्रांती. झोप उडाली, अंघोळ सुटली, जेवणावर संशय येऊ लागला, तर लग्न संपायची वाट न बघता डॉक्टरांना फोन.

प्रतिसाद

मी समुपदेशक आहे. दादा गुणगुणतात ते फार मोलाचं आहे. मँचेस्टरला टॅरियर यांनी याच धर्तीवर उपचारपद्धत बसवली: माणूस स्वतः जे उपाय करतो त्यातले उपयोगी कोणते ते त्याच्याबरोबर शोधायचे आणि ताण नसताना त्यांचा सराव करायचा, म्हणजे ऐनवेळी ते हाताशी येतात. मोठ्याने वाचूनही बघा, काहींना त्याने आराम पडतो.

सिगरेटचं डॉक्टरांना नक्की सांगा. तंबाखूच्या धुराने ओलान्झापिनचं रक्तातलं प्रमाण कमी होतं. ताण, जास्त सिगरेटी आणि कमी पडणारं औषध असं तिन्ही एकदम होऊ शकतं. उलट एकदम सोडल्या तर प्रमाण वाढतं, म्हणून डोसचं काहीही स्वतःहून करू नका.

आईंना "विचारू नको" म्हणण्यापेक्षा विचारायची एक वेळ ठरवून द्या, समजा संध्याकाळच्या चहाला. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे स्वमदत गट आहेत, तिथे इतर आया भेटतील. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, 14416, मराठीतही बोलतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सिगरेटचं अजिबात माहीत नव्हतं, सोमवारी फॉलोअप आहे तेव्हा सांगते. खोलीबद्दल बाबांशी आजच बोलले, सामान काकांकडे जाईल. आईचं अजून बाकी आहे. आणखी एक विचारते: नवऱ्यामुलाकडच्या लोकांना आधी काही सांगून ठेवावं का? दादाची त्याला हरकत नाही, काकूंची आहे.