बाळगुटीतले अतिविष आणि हिमालयातले फूल

प्रश्न : सप्टेंबरमध्ये गढवालात तुंगनाथच्या वाटेवर, बुग्यालात म्हणजे उंचावरच्या कुरणात, फिकट हिरवट-निळे, जांभळ्या शिरांचे आणि टोपीच्या आकाराचे एक फूल पाहिले. बरोबरच्या गावकऱ्यांनी त्याला ‘अतीस’ म्हटले. नातीच्या बाळगुटीत आम्ही उगाळतो ते अतिविष हेच का? ही वनस्पती बचनागाच्या जवळची आहे असे वाचल्यापासून काळजी वाटते.

प्रतिसाद १ : होय, हेच ते. शास्त्रीय नाव अकोनिटम हेटेरोफायलम. खालची आणि वरची पाने वेगवेगळ्या आकाराची असल्यामुळे ते पडले. बचनाग याच प्रजातीतला असला, तरी त्याच्यातले अकोनिटिन हे जहाल विष असते, तर अतिविषातील मुख्य अल्कलॉइड अतिसिन त्या मानाने पुष्कळच सौम्य आहे. मुळी मोडली की आतून पांढरीशुभ्र दिसते, म्हणून संस्कृतात ‘शुक्लकंदा’. मात्र बाजारात भेसळ होते, त्यामुळे केवळ रंगावर विसंबू नये आणि चाखून तर मुळीच पाहू नये. खात्रीच्या काष्ठौषधीच्या दुकानातूनच घ्यावी.

प्रतिसाद २ (वैद्य) : ताप, अतिसार, खोकला आणि ओकारी या बालरोगांवर नागरमोथा, पिंपळी, काकडशिंगी आणि अतिविष यांचे बालचतुर्भद्र चूर्ण परंपरेने मधातून देतात. एक वर्षाखालील बाळाला मात्र मध देऊ नये. गुटीत किती वेढे उगाळायचे हे बाळाचे वय आणि प्रकृती पाहून ठरते, त्यामुळे ते वैद्यांना विचारूनच ठरवावे, आणि जुलाब किंवा ताप असताना गुटीवर न थांबता बालरोगतज्ज्ञांकडे जावे. या मुळीचे आणखी एक नाव ‘घुणवल्लभा’, म्हणजे किड्यांना प्रिय. ती पिठूळ असल्यामुळे लवकर पोखरली जाते, म्हणून कोरड्या डबीत ठेवावी.

प्रतिसाद १ : एक गोष्ट सांगायची राहिली, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. औषधासाठी कंदच लागतो, त्यामुळे प्रत्येक मुळीमागे एक झाड उपटले जाते, तेही अनेकदा बी धरण्याआधीच. ही वनस्पती आज संकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. श्रीनगर-गढवालच्या विद्यापीठातील उच्च पर्वतीय वनस्पतींचे संशोधन केंद्र तिच्या लागवडीवर काम करते. खरेदी करताना माल लागवडीचा आहे का, हे अवश्य विचारावे.

प्रश्नकर्ता : आपणा दोघांचे आभार. आमची मुळी एका बाजूने पोखरलेली निघाली. नवी घेताना लागवडीचे नक्की विचारेन.