शीर, नस, चेता की मज्जातंतू?

कर्वेनगरकर :
कोथरूडमधील एका भौतिकोपचार केंद्रासाठी मी ज्येष्ठांच्या व्यायामपत्रकाचा मराठी अनुवाद करते आहे. फार वेळ मांडी घालून बसल्यावर पाऊल बधिर का होते, हे सांगणारे वाक्य मी असे लिहिले : ‘गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, नडगीशेजारच्या बारीक हाडाला वळसा घालून जाणारी शीर दबते आणि पावलाला मुंग्या येतात.’ तेथील डॉक्टरांनी ‘शीर’ खोडून ‘चेता’ लिहिले, कारण शिरेतून रक्त वाहते. ते वाक्य मी आईला वाचून दाखवले, तर तिने ‘चेता म्हणजे काय?’ असे विचारले. तिचे वय 78 आहे आणि पत्रक तिच्याच वयाच्या माणसांसाठी आहे. कोणता शब्द ठेवावा?

नारायणपेठी :
ताई, डॉक्टरांचे म्हणणे योग्य आहे. बालभारतीच्या पुस्तकांत चेतासंस्था, चेतापेशी हेच शब्द आहेत आणि मी ते वर्गात शिकवले आहेत. आमच्या विद्यार्थिदशेत ‘मज्जासंस्था’ आणि ‘मज्जातंतू’ हे शब्द होते, परंतु मज्जा ही हाडाच्या पोकळीत असते, त्यामुळे तो शब्द मला तेव्हाही खटकत असे. मराठी विश्वकोशाने ‘तंत्रिका तंत्र’ स्वीकारले आहे. एकाच संस्थेला तीन नावे असताना त्यांत ‘शीर’ मिसळली, तर रक्ताची शीर कशी ओळखायची?

भोरकर :
सर, शीर केवळ रक्ताची कधीच नव्हती. आमच्या घरी मान अवघडली की ‘शीर आखडली’ म्हणत, पोटरीत गोळा आला की ‘शिरेवर शीर चढली’ म्हणत, आणि पोटरीचे स्नायू ज्या जाड दोरीने टाचेच्या हाडाला जोडलेले असतात तिला आजी ‘धोंडशीर’ म्हणे. या तिन्ही ठिकाणी रक्तवाहिनीचा संबंध नाही. कातडीखाली हाताला दोरीसारखे लागते ते सारे शीर, असा हा जुना अर्थ आहे आणि तो चुकीचा ठरवण्याचा अधिकार पाठ्यपुस्तकाला नाही.

वैद्य, सदाशिव पेठ :
अधिकाराचाच प्रश्न असेल, तर सुश्रुतसंहितेचे शारीरस्थान पाहावे. तेथे सिरा 700, स्नायू 900 आणि पेशी 500 अशी स्वतंत्र गणना आहे. मांसाला तेथे पेशी म्हटले आहे. स्नायू म्हणजे बांधणारे. अनेक बंधनांनी फळ्या घट्ट बांधलेली नाव जशी पाण्यात माणसांचा भार पेलते, तसे स्नायूंनी बांधलेले शरीर भार पेलते, असा दृष्टान्त तेथे दिला आहे. तेव्हा आपल्या पत्रकात ‘स्नायू बळकट करा’ असे असेल, तर तेही बदलून ‘मांसपेशी’ करावे.

कर्वेनगरकर :
वैद्यबुवा, ‘स्नायू’ आईला कळतो. माझी अडचण दुसऱ्या शब्दाची आहे.

डेक्कनवासी :
दोन्ही अडचणी एकाच मुळाच्या आहेत. मराठीत आणि गुजरातीत स्नायू म्हणजे आकुंचन पावणारे मांस, तर बंगालीत तोच शब्द आपण ज्याला मज्जातंतू म्हणतो त्यासाठी रूढ आहे. ग्रीक ‘न्यूरॉन’ आणि लॅटिन ‘नर्व्हस’ हे शब्द संस्कृत ‘स्नायु’ याच्याच कुळातले असून त्यांचाही आधीचा अर्थ कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, असाच होता. पांढरट कंडरा आणि पांढरट मज्जातंतू डोळ्यांना सारखेच दिसतात. त्यामुळे भोरकरांच्या आजींनी जे केले, तेच ग्रीकांनीही केले होते.

नारायणपेठी :
शब्दांचे कूळ एक असले, तरी उपचार एक नसतात. पर्वतीच्या 103 पायऱ्या उतरल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या पुढून दुखतात, कारण तेथील स्नायू उतरताना लांबत असतानाच शरीराचा भार धरून ठेवतात. कमरेतून निघून कुल्ल्यामागून पावलापर्यंत जाणारी कळ मात्र सायटिकाची, म्हणजे चेता दबल्याची असते. रुग्णाने दोन्हींना ‘शीर’ म्हटले, तर ऐकणाऱ्याने काय समजावे?

भोरकर :
रुग्ण तेवढेच सांगून थांबत नाही, सर. मुंग्या आणि झिणझिण्या तो मज्जातंतूच्या दुखण्यालाच म्हणतो. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत जाते ती झिणझिणीच असते, तिला कोणी गोळा म्हणत नाही. गोळा, पेटका आणि वांब स्नायूचे, लचक सांध्याची. अवयवाच्या नावात नसलेला भेद आपल्या भाषेने वेदनेच्या नावात नेमका केला आहे. वांब हा शब्द तर मला वाम माशावरून आलेला वाटतो, कारण पोटरीत तो तसाच वळवळत सरकतो.

वैद्य, सदाशिव पेठ :
वाम माशाची व्युत्पत्ती मला पटत नाही. प्राण्यांची नावे शरीराला अशी सहज चिकटत नाहीत.

डेक्कनवासी :
चिकटतात. लॅटिन ‘मुस्क्युलस’ म्हणजे लहानसा उंदीर, आणि त्यावरूनच युरोपातील भाषांत स्नायूचे नाव आले. आपण दंड वाकवून जी दाखवतो ती बेटकुळी, म्हणजे बेडकुळी.

नारायणपेठी :
बेटकुळी दंड वाकवून काढत नाहीत. बोटाच्या पेराने दंडावर ठोसा दिल्यावर जो उंचवटा क्षणभर उठतो, ती बेटकुळी. शाळेत आम्ही एकमेकांच्या दंडावर त्याच काढत असू.

भोरकर :
आमच्या तालमीत दोन्हींना बेटकुळीच म्हणत आणि वस्तादही तोच शब्द वापरत.

कर्वेनगरकर :
पत्रक सोमवारी छापायला जाणार आहे. ‘मुंग्या येतात’ हे डॉक्टरांनी तसेच ठेवले आहे. त्यामागचा शब्द अजून कोराच आहे.

नारायणपेठी :
तेथे ‘चेता’च लिहावे. आणि भोरकर, ठोशाने उठणारा उंचवटा व वाकवलेला दंड या दोन निराळ्या गोष्टी आहेत.