एसएमबी-१ बंद करायचंय, पण व्हीएमसीचा एक्सपी अडतोय

भोसरीकर:
भोसरी एमआयडीसीत आमचं मशिनिंगचं युनिट आहे. वीसेक पीसी, एक विंडोज सर्व्हर, त्यावर टॅली आणि ड्रॉइंग्ज. ग्राहक कंपनीच्या ऑडिटमध्ये पहिलाच शेरा: सर्व्हरवर एसएमबी-१ (विंडोजची फाइल शेअर करायची जुनी, असुरक्षित पद्धत) चालू. पण व्हीएमसीच्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनच्या) पीसीवर जुनं विंडोज एक्सपी आहे आणि प्रोग्रॅम सर्व्हरच्या शेअरवरूनच उचलतो. कंट्रोलचं कार्ड नव्या विंडोजवर चालत नाही. शिवाय जुना प्रिंटर स्कॅन थेट फोल्डरमध्ये टाकतो. रविवारी सरळ बंद करू का?

स्विचरूम:
नको. सोमवारी पहिल्याच शिफ्टला मशीन उभं राहील. आधी सर्व्हरवर एसएमबी-१ चं ऑडिट लावा, पॉवरशेलची एक ओळ आहे. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये एसएमबीसर्व्हरच्या ऑडिट लॉगमध्ये 3000 नंबरचे इव्हेंट बघा. कोण येतंय त्याचा आयपी तिथे मिळतो. महिनाअखेर उलटेपर्यंत चालू ठेवा, अकाउंट्सवाले काही गोष्टींना तेव्हाच हात लावतात.

एक्सपीला एसएमबी-१ शिवाय काही येतच नाही. त्याला वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) टाका आणि मध्ये सांबा (लिनक्सवरून विंडोजसारखे शेअर देणारं सॉफ्टवेअर) टाकलेला छोटा लिनक्स पीसी ठेवा. एक्सपीकडून फक्त तिथपर्यंत वाट. सर्व्हर त्या लिनक्स पीसीशी नव्या एसएमबी-३ ने बोलेल. 2019 च्या 4.11 आवृत्तीपासून सांबातही एसएमबी-१ मुद्दाम चालू करावं लागतं, ते विसरू नका.

आणि कृपा करून हे पुढे ढकलू नका. एसएमबी-१ मधल्या भोकावर मायक्रोसॉफ्टचा पॅच मार्च 2017 मध्ये आला होता, तरी मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने त्यातूनच जगभर धुमाकूळ घातला. जूनमध्ये नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसमुळे न्हावा शेवाचं एक टर्मिनल ठप्प झालं, कंटेनरच्या गाड्या बाहेर रांगेत. नॉटपेट्या तर पासवर्ड चोरून पॅच मारलेल्या मशीनवरही शिरत होता. म्हणून पॅचवर विसंबून एसएमबी-१ ठेवणं मला अजिबात पटत नाही.

नॅसवाला:
एक भर. त्या लॉगमध्ये फक्त सर्व्हरकडे येणारे दिसतात. सर्व्हर स्वतः जुन्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या स्टोरेज बॉक्सवर) बॅकअप टाकत असेल, तर ते तिथे दिसणार नाही. तेवढं हाताने तपासा. प्रिंटरला आधी नवं फर्मवेअर मिळतंय का बघा, नसेल तर स्कॅन मेलवर वळवा. बंद केल्यावर 'नेटवर्क'मध्ये पीसी दिसेनासे होतील, सगळे ओरडतील. शेअर पत्त्याने उघडतात. ड्राइव्ह आधीच मॅप करून द्या.

भोसरीकर:
नॅस आहे, आणि बॅकअप त्यावरच जातो! ऑडिट आज लावलं. सांबासाठी स्टोअरमधला एक पीसी मिळतोय, त्याला दुसरं लॅन कार्ड उद्या बसवतो.