सोसायटीत मातृभाषा दिन करायचाय, पण लोक घरची भाषा चारचौघात बोलायला लाजतात. काय करावं?

धायरीची_सून:
नमस्कार मंडळी, आमची सोसायटी धायरीत, दीडेकशे फ्लॅट. दरवर्षी २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन करतो, म्हणजे फेटे, ग्रंथदिंडी, कुसुमाग्रजांच्या कविता आणि शेवटी अल्पोपाहार. या वेळी मी सुचवलं की २१ तारखेपासूनच सुरू करू, त्या दिवशी जागतिक मातृभाषा दिन असतो (१९५२ साली ढाक्यात बांगला भाषेसाठी उतरलेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला तो हाच दिवस, युनेस्कोने १९९९ मध्ये जाहीर केला), आणि ज्याच्या घरी जी भाषा बोलतात ती त्याने ऐकवायची. ग्रुपवर मेसेज टाकला तर कानडी, तेलुगू, सिंधी मंडळींनी लगेच नावं दिली, पण आपल्याकडून एकही नाव नाही, "आमची मराठीच, आम्ही २७ला बोलू" एवढंच.

आता आमच्याच घरचं सांगते. सासूबाई खान्देशातल्या अमळनेरच्या, त्यांची घरची भाषा अहिराणी. सकाळी पोळ्या लाटताना बहिणीला फोन लावतात, "काय करी ऱ्हायनी वो माय" पासून सुरू होतं ते अर्धा तास, आणि त्या वेळी त्यांचा चेहरा इतका मोकळा असतो ना. मधेच बेल वाजली, शेजारच्या काकू आल्या की तव्यावरची पोळी उलटावी तशी भाषा उलटते, "या ना, बसा, चहा टाकते". मी म्हणलं आई तुम्ही बोला ना २१ला, तर म्हणे आपलं गावठी कोण ऐकणार पुण्यात. नंतर कळलं, माझा नवरा लहान असताना शाळेतल्या एका बाईंनी त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं होतं की घरी असं बोलता म्हणून मुलाची भाषा बिघडते. तेव्हापासून त्या मुलाशी अहिराणीत एक शब्द बोलल्या नाहीत. नवऱ्याला समजते पण बोलता येत नाही, आणि माझ्या लेकीला तर समजतही नाही.

अशा माणसांना बोलतं कसं करायचं? आणि कमिटीतले एकदोघं म्हणतायत की अहिराणी वेगळी मांडली तर मराठीत फूट पडेल, त्यांना काय सांगू?

यावलकर:
फूट कसली ताई. २०११च्या जनगणनेत खान्देशी ही भाषा स्वतंत्रच मोजलीय, अहिराणी त्यात येते, बोलणारे १८ लाखांच्या वर. त्याने मराठीचं काही कमी झालं नाही. फक्त एक करा, खान्देश म्हणजे सगळी अहिराणी असं पोस्टरवर लिहू नका. आम्ही यावल-रावेरकडचे लेवा गणबोली बोलतो, बहिणाबाईंची भाषा तीच, आणि लोक सर्रास त्यांना अहिराणी कवयित्री म्हणतात ते मला खरंच खुपतं. तुमच्या सोसायटीत आमच्याकडचं एखादं घर असणारच, त्यांना विचारा.

भवानीपेठवाला:
आम्ही पद्मशाली, घरी तेलुगू, चार पिढ्या पुण्यात. पण आमच्या तेलुगूत निम्मे शब्द मराठी झालेत, त्यामुळे हैदराबादला गेलं की तिकडचे विचारतात ही कुठली तेलुगू, आणि इथे शाळेत मला विचारायचे तू मराठी आहेस का नक्की. दोन्हीकडून ऐकल्यावर माणूस गप्पच बसतो हो. म्हणून माझं मत, स्टेजवर बोलावून "दोन मिनिटं तुमच्या भाषेत बोला" असं कुणाला करू नका. आमच्या मंडळात आम्ही एक कोरा फळा लावला होता, मुलगा आणि मुलगी याला तुमच्या घरी काय म्हणतात ते लिहा, बास. तेलुगू कोडुकु-कूतुरु, मालवणी झील-चेडू, गुजराती दीकरो-दीकरी. एका कोकणी आजींनी पूत-धूव लिहिलं, त्यावर शेजारचे सिंधी काका आले आणि म्हणाले अहो आमच्यात पण पुट आणि धीअ, मग ते दोघं तिथेच खुर्च्या टाकून बसले आणि आमचं जेवण उरकलं तरी त्यांच्या गप्पा संपेनात. लिहायला कुणी लाजत नाही, आणि लिहिलं की उच्चार करून दाखवावाच लागतो.

तांड्यावरची:
मी गोरमाटी. आम्हाला बंजारा म्हणतात. याडी म्हणजे आई. माझ्या शाळेच्या फॉर्मवर मातृभाषा मराठी लिहिलंय, जनगणनेत आमची भाषा हिंदीखाली जाते, आणि माझी आजी यातलं काहीच बोलत नाही, ती फक्त गोरमाटी बोलते. स्वतःची लिपी नाही म्हणून "ती बोली आहे, भाषा नाही" हे इतक्यांदा ऐकलंय. मराठीची देवनागरी तरी फक्त मराठीची कुठाय? हिंदी, नेपाळी त्याच लिपीत लिहितात, त्यांना कुणी बोली म्हणत नाही.
एक विनंती आहे, नावं मागताना फक्त फ्लॅटवाल्यांची मागू नका. तुमच्याकडे झाडलोट करणाऱ्या मावशी, वॉचमन काका, शेजारच्या साइटवरचे लोक, यांच्यात कुणी वडारी बोलत असेल, कुणी कैकाडी. कैकाडी तर तमिळच्या कुळातली आहे, तुमच्या तमिळ शेजाऱ्यांना सांगा, त्यांना नवल वाटेल. पण त्यांना खुर्ची द्या, आणि कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलायला त्यांनाच सांगू नका.

सदाशिवपेठी:
वरचं सगळं पटलं, तरी एक काळजी मांडतो. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ला अभिजात दर्जा मिळाला पण आमच्या बिल्डिंगमधल्या बऱ्याच मराठी मुलांना दुकानाची मराठी पाटी धड वाचता येत नाही. प्रमाण मराठी मुलांना यायलाच हवी. २१च्या गडबडीत २७ला वाचन आणि लेखन सुटू देऊ नका. आणि त्या शाळेतल्या बाईंचं वाचून वाईट वाटलं, आमच्या पिढीने हे फार केलंय. शुद्ध-अशुद्ध हा शब्द मी स्वतः बोलण्याच्या बाबतीत वापरायचा सोडलाय, लेखनापुरता ठेवलाय.

धायरीची_सून:
सगळ्यांचे मनापासून आभार. फळा ठरला, लिफ्टजवळच लावतोय म्हणजे दूध आणायला जाताना पण लिहिता येईल. वॉचमन काकांना विचारलं, ते म्हणाले घरी वडारी बोलतात, आठ वर्षं झाली त्यांना इथे, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. २७ला मुलांचं मराठी वाचन ठेवलंय.

आणि सासूबाई तयार झाल्या! स्टेजवर नाही म्हणाल्या, माईक नको म्हणाल्या, मग लेकीनेच सुचवलं की आजी तू तुझा रोजचा फोन खाली लाव, स्पीकरवर. दोघी बहिणी कानबाईच्या (आमच्या खान्देशातला सण) रोटांबद्दल बोलणार आहेत, श्रावणात माहेरी कसं व्हायचं ते. काल मावशींना कळवलं तर त्या बराच वेळ गप्पच होत्या. मग विचारलं, "बठ्ठा जन आयकतीन का वो?" (सगळे जण ऐकतील का गं?)
सासूबाईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "हां, आयकतीन."